तैनाती फौजेचा हिशेब

दिल्लीच्या करोल बागेतील गफार मार्केटची ख्याती काळागणिक बदलत गेली आहे. फाळणीत घरदार गमावून आलेल्या निर्वासितांनी तेथे दुकाने थाटली. सत्तर-ऐंशीच्या दशकांत परदेशी मालाचा बाजार म्हणून त्याचा बोलबाला होता. आज मोबाइल फोनची खरेदी-विक्री आणि दुरुस्ती यांसाठी ते देशभर ओळखले जाते. स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी महाराष्ट्रातून येऊन करोल बागेत राहणारे तरुणही या गर्दीतून ये-जा करीत असतात. परंतु ज्या खान अब्दुल गफार खानांचे नाव या बाजाराला दिले आहे, त्यांच्या पठाण बांधवांची भूमी पुढे चार दशकांहून अधिक काळ परक्या फौजांच्या आणि परक्या पैशाच्या आगीत का होरपळली, हा प्रश्न त्या गर्दीत क्वचितच कोणाच्या मनात येत असेल. तो प्रश्न विचारण्याची वेळ पुन्हा आली आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी काबूलजवळचा बगरामचा हवाई तळ परत मागितला आणि तो न दिल्यास वाईट परिणाम होतील अशी धमकीही दिली. वीस वर्षे लढून, हात पोळून घेऊन जे सैन्य बाहेर पडले, त्याला चार वर्षांनी पुन्हा तेथेच तळ हवा आहे! या मागणीच्या समर्थनार्थ जे युक्तिवाद होतील ते ठरलेले आहेत. गेल्या वेळी फौज अपुरी होती, पैसा उशिरा आला, माघार घाईने झाली, असे सांगितले जाईल. म्हणजे फौज आणखी असती, मदत आणखी असती, तर युद्ध जिंकता आले असते. हा युक्तिवाद इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहिला पाहिजे.

मराठी माणसाला या कसोटीसाठी दूर जाण्याचे कारण नाही. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईला इंग्रजांशी तह केला. त्या तहाने पेशव्याला सहा हजारांची तैनाती फौज मिळाली आणि तिच्या खर्चासाठी सालीना २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख कंपनीला तोडून द्यावा लागला. कागदावर पेशव्याचे लष्करी बळ वाढले होते. प्रत्यक्षात त्या दिवसापासून युद्ध आणि तह यांचा निर्णय पुण्याच्या दरबारात होईनासा झाला. सोळा वर्षांत पेशवाई संपली. फौज कोणाची आणि तिचा पगार कोणाच्या हातून जातो, या दोन प्रश्नांच्या उत्तरातच सत्ता कोणाची, याचे उत्तर दडलेले असते.

ज्या इंग्रजांनी पुण्यात हा डाव जिंकला, तेच काबूलमध्ये तो हरले. १८३९ साली त्यांनी बंगाल आणि मुंबई लष्कराच्या पलटणी पाठवून शाह शुजाला संगिनींच्या जोरावर तख्तावर बसवले. जानेवारी १८४२ मध्ये काबूल सोडून निघालेले सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजार नोकरचाकर व कुटुंबीय बर्फाच्या खिंडींत जवळजवळ सर्वच्या सर्व नष्ट झाले. त्यांतील बहुसंख्य हिंदी होते. दुसऱ्याच वर्षी पदच्युत दोस्त महंमद पुन्हा गादीवर आला. मुंबईच्या कुलाब्यात १८५८ साली उभे राहिलेले अफगाण चर्च हे त्या युद्धातील मृतांचे स्मारक होय. युद्ध इंग्रजांचे, खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीचा आणि मरणारा शिपाई येथल्या शेतकऱ्याचा, असा तो हिशेब होता.

गफार खानांनी या हिशेबाला निराळे उत्तर दिले. त्यांच्या खुदाई खिदमतगारांनी हाती शस्त्र न घेता साम्राज्याला आव्हान दिले. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात निःशस्त्र पठाणांवर गोळीबार झाला. त्या वेळी चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या सहकारी सैनिकांनी बंदूक चालवण्यास नकार दिला. त्यांना कोर्टमार्शल आणि दीर्घ कारावास सोसावा लागला. तुरुंगातून सुटल्यावर हेच चंद्रसिंह कम्युनिस्ट चळवळीत आले. त्या दिवशी सरकारकडे बंदुका कमी नव्हत्या, शिपाई कमी नव्हते. हिंदू गढवाली शिपायाला मुसलमान पठाण आपला भाऊ वाटला, एवढेच घडले आणि साम्राज्याचे अधिकारी हादरले. फौजेचे बळ हजेरीपटावरील आकड्यात नसून तिच्या मनात असते, हे पेशावरने सिद्ध केले.

हा धडा एप्रिल १९७८ नंतरच्या अफगाणिस्तानात फार मोठी किंमत देऊन पुन्हा शिकावा लागला. सौर क्रांतीने सत्तेवर आलेल्या सरकारने जमिनीचे फेरवाटप, सावकारी कर्जातून मुक्तता, वधूमूल्यावर बंधने आणि स्त्रियांचे शिक्षण हे कार्यक्रम हाती घेतले. ते न्याय्य होते. परंतु गावोगावच्या भूमिहीनांची संघटना उभी राहण्याआधीच राजधानीतून फर्माने सुटली. पक्षातील दोन गट एकमेकांच्या जिवावर उठले. जमीनदार आणि मुल्ला यांनी या फटीत पाय रोवला.

अमेरिकन साम्राज्यवादाने ही संधी साधली. अध्यक्ष कार्टर यांनी बंडखोरांना गुप्त मदत देण्याच्या आदेशावर जुलै १९७९ मध्ये सही केली, म्हणजे सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात उतरण्याच्या जवळजवळ सहा महिने आधी! पुढे ही मदत वर्षाला काही कोटी डॉलरवरून १९८७ पर्यंत साठ कोटी डॉलरच्या वर गेली. सौदी राजवटीने तितकीच भर घातली. पाकिस्तानी लष्करशहा झिया-उल-हक यांच्या गुप्तहेर यंत्रणेमार्फत ही शस्त्रे वाटली गेली आणि १९८६ पासून त्यांत स्टिंगर क्षेपणास्त्रेही आली. लोकशाहीचे गोडवे गाणाऱ्यांनी सर्वांत मोठा वाटा दिला तो सर्वांत धर्मांध टोळ्यांना.

दुसऱ्या बाजूला सोव्हिएत फौजेची संख्या एक लाखाच्या वर गेली. तिने शहरे आणि हमरस्ते राखले, शाळा व कारखाने यांना संरक्षण दिले. पण खेडी हाती आली नाहीत. सुमारे पंधरा हजार सोव्हिएत सैनिक कामी आले. लाखो अफगाण मारले गेले आणि पन्नास लाखांहून अधिक लोक देशोधडीला लागले. क्रांतीची निर्यात होत नाही, हा कम्युनिस्ट चळवळीचा जुना सिद्धान्त आहे. मित्राची फौज शत्रूला थोपवू शकते. शेतकऱ्याला क्रांतीच्या बाजूला उभे करण्याचे काम ती करू शकत नाही.

२० जानेवारी १९८८ रोजी गफार खानांचे पेशावरमध्ये निधन झाले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे जलालाबादेत दफन झाले. त्या प्रेतयात्रेसाठी उभय बाजूंनी शस्त्रे खाली ठेवली. तरीही दफनाच्या ठिकाणी बॉम्ब फुटलेच. आयुष्यभर अहिंसा सांगणाऱ्या नेत्याला त्या युद्धाने शांतपणे मातीतही जाऊ दिले नाही.

१५ फेब्रुवारी १९८९ रोजी शेवटच्या सोव्हिएत तुकड्या अमू दर्या ओलांडून गेल्या. नजीबुल्ला सरकार काही आठवड्यांत कोसळेल असे भाकीत भांडवली वृत्तपत्रांनी वर्तवले होते. पण मार्च १९८९ मधला जलालाबादवरचा हल्ला अफगाण सैनिकांनीच परतवला आणि ते सरकार तीन वर्षांहून अधिक काळ टिकले. राष्ट्रीय समेटाच्या धोरणामुळे त्याला काहीएक आधार लाभला होता, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण म्हणजे चालू राहिलेली सोव्हिएत रसद. १ जानेवारी १९९२ पासून ती थांबली. इंधन संपले, विमाने जमिनीवर राहिली, भाडोत्री सेनानी बाजू बदलून गेले आणि एप्रिलमध्ये सरकार पडले. बाहेरच्या तिजोरीवर चालणाऱ्या फौजेचे आयुष्य तिजोरीच्या किल्लीइतकेच असते.

याच कसोटीवर अमेरिकेचा हिशेब पाहावा. ७ ऑक्टोबर २००१ रोजी सुरू झालेल्या युद्धात २०१० च्या सुमारास एकट्या अमेरिकेचे एक लाख सैनिक अफगाणिस्तानात होते. नाटोचे इतर सैन्य वेगळे. अफगाण लष्कर आणि पोलीस उभारण्यावर ऐंशी अब्ज डॉलरहून अधिक रक्कम खर्ची पडली. कागदावर त्यांची संख्या तीन लाख होती. त्यांतील कित्येक नावे केवळ पगारपत्रकावर जगत होती आणि त्यांचा पगार अधिकाऱ्यांच्या खिशात जात होता. विमानांची देखभाल परदेशी कंत्राटदारांकडे होती. ते परतताच विमानदल पंगू झाले. फेब्रुवारी २०२० मध्ये दोहा येथे करार झाला तो अमेरिका आणि तालिबान यांच्यात. ज्याच्या नावाने युद्ध चालले होते, त्या काबूल सरकारला बैठकीत जागाही नव्हती. वसईच्या तहात बाजीरावाची निदान सही तरी होती! १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पडले. शेवटचा अमेरिकन सैनिक ३० ऑगस्टला निघाला. म्हणजे पाठीराख्यांची फौज पूर्णपणे जाईपर्यंतसुद्धा ते सरकार उभे राहू शकले नाही.

याचा अर्थ अफगाण सैनिक भ्याड होता असा मुळीच नव्हे. वीस वर्षांत त्या देशाचे साठ हजारांहून अधिक सैनिक आणि पोलीस मारले गेले. अमेरिकेचे सुमारे चोवीसशे. मरणाची वाटणी अशी, तर पैशाची वाटणी नेमकी उलट. डॉलर आले त्यांतील मोठा भाग शस्त्रास्त्र कारखानदार आणि लष्करी कंत्राटदार यांच्याकडे परत गेला. आणि युद्ध संपल्यावर? अमेरिकेने अफगाण मध्यवर्ती बँकेची सुमारे सात अब्ज डॉलरची ठेव गोठवली. उपासमारीच्या छायेतील जनतेचा पैसा अडवून ठेवणारे आता त्याच जनतेच्या भूमीवर तळ मागत आहेत.

म्हणून बगरामच्या मागणीला विरोध केलाच पाहिजे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मॉस्को येथील बैठकीत भारतासह शेजारी राष्ट्रांनी अफगाणिस्तानात परकीय लष्करी तळ उभारण्याच्या प्रयत्नांविरुद्ध भूमिका घेतली, ती योग्यच होय. २००३ साली इराकमध्ये भारतीय फौज पाठवण्याचा अमेरिकेचा आग्रह देशातील जनमताच्या दडपणामुळे फेटाळावा लागला होता. त्या लोकमतात डाव्या पक्षांचा वाटा मोठा होता. भारताने अफगाणिस्तानात लढाऊ फौज धाडली नाही. झरंज-देलाराम रस्ता, सलमा धरण आणि संसद भवन बांधून दिले. अफगाण जनतेच्या मनात भारताविषयी जी आपुलकी आहे, ती या कामांतून आली आहे.

मात्र परकीय तळाला विरोध म्हणजे तालिबानला प्रशस्तिपत्रक नव्हे. सप्टेंबर २०२१ पासून तेथे मुलींना माध्यमिक शाळा बंद झाल्या आणि डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठेही. त्याच राजवटीचे परराष्ट्रमंत्री ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीस आले तेव्हा त्यांच्या पहिल्या पत्रकार परिषदेत स्त्री पत्रकारांना प्रवेश मिळाला नाही. हे भारताच्या राजधानीत घडले! टीका उसळल्यावर दोन दिवसांनी दुसरी परिषद घ्यावी लागली. शेजाऱ्याशी राजनैतिक व्यवहार ठेवणे वेगळे आणि त्याच्या अंगणातील अन्याय आपल्या घरात चालू देणे वेगळे. दिल्लीत आसरा घेतलेल्या अफगाण कुटुंबांच्या बाबतीतही सरकारचे धोरण मेहेरबानीचे राहिले आहे. या देशात निर्वासितांसाठी कायदा नाही. त्यामुळे मुलांचा शाळाप्रवेश, रोजगार, निवासाची परवानगी हे सारे अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोपवले गेले आहे.

पक्षसभासदांनी ही बाजू कामगार वस्त्यांत, विद्यार्थ्यांच्या खोल्यांत आणि गावच्या सभांत नेली पाहिजे. अफगाण भूमीवर कोणाचाही तळ नको. गोठवलेला पैसा अफगाण जनतेच्या अन्न, औषध आणि शिक्षणासाठी मोकळा करावा. भारतातील निर्वासितांना कायद्याचे संरक्षण मिळावे. आणि अफगाण स्त्रियांच्या शिक्षणाचा व कामाचा हक्क प्रत्येक वाटाघाटीत मांडला जावा, या चार मागण्या घेऊन लोकमत उभे करावे लागेल. लाखाची फौज दोनदा गेली आणि दोनदा परतली. त्या देशाचे भवितव्य अखेर तेथील शेतकरी, कामगार आणि शाळेबाहेर काढलेल्या मुलीच ठरवतील. त्यांच्या बाजूने उभे राहणे हेच खरे शेजारधर्माचे काम आहे.