वकट, लेंड, मूंड

घरातील वडीलधारी माणसे एकत्र बसली, की बोलण्याच्या ओघात त्यांच्या बालपणाचा विषय हटकून निघतो. कुणाला चिंचेच्या सावलीत रंगलेला गोट्यांचा डाव आठवतो, कुणाला भर दुपारी माळ्यावर बसून वाचलेला ‘चांदोबा’ आठवतो, तर कुणाला शेजारच्या घरी रेडिओभोवती जमणारी मंडळी आठवतात. अखेरीस एखादे आजोबा सुस्कारा टाकून म्हणतात, “आमच्या वेळची मजा आता राहिली नाही!” जवळ बसलेल्या नातवंडांना हे बोलणे थोडेसे टोचते. आपला काळ खरोखरच इतका उणा आहे काय, असा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहतो.

हा प्रश्न रास्त आहे. जुने ते सारेच सोने नव्हते. आठवण ही सुपासारखी असते. ती फोलपटे पाखडून टाकते आणि दाणे तेवढे ठेवते. विटी डोळ्यावर बसण्याचे भय त्या काळीही होतेच. मुलींना मैदान मोकळे नव्हते. कित्येक घरांत त्यांचा खेळ ओसरीवरच्या सागरगोट्यांपाशीच संपत असे. शेतात राबणाऱ्या किंवा धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणाऱ्या मुलांना तर खेळावयास सवडही मिळत नसे. गोष्टीचे पुस्तक ही अनेक गावांत दुर्मिळ वस्तू होती. १९५२ साली मराठीतून निघू लागलेला ‘चांदोबा’ आता बंद पडला आहे, हे खरे. परंतु १९७१ साली सुरू झालेले ‘किशोर’ मासिक आजही निघते आणि त्याचे जुने अंक संगणकावर विनामूल्य वाचता येतात. असे सुख आजोबांच्या वाट्याला आले नव्हते.

मग त्यांच्या सुस्काऱ्यात काहीच तथ्य नाही काय? तथ्य आहे, मात्र ते समजून घ्यावयाचे, तर विटीदांडूकडे नीट पाहावे लागेल.

विटीदांडूला बाजारात जावे लागत नसे. बाभळीची किंवा तशीच एखादी चिवट फांदी तोडून मुले दांडू करीत. उरलेल्या तुकड्याला दोन्ही टोके काढली, की विटी तयार होई. जमिनीत लहानशी खळगी कोरली, की मैदान सिद्ध झाले. खळगीवर आडवी ठेवलेली विटी दांडूने कोलावयाची, मग तिला टोला मारून दूर धाडावयाचे आणि ते अंतर दांडूने मोजावयाचे. ही मोजणी एक, दोन, तीन अशी होत नसे. मुले मोजीत, “वकट, लेंड, मूंड, नाल...” मोजणी ज्या शब्दावर थांबे, त्यावरून पुढचा टोला कसा मारावयाचा हे ठरे. विटी कधी पायावर ठेवावी लागे, तर कधी मुठीवर. पुढचे शब्द गावोगाव थोडे निराळे असत. त्यावरून पाहुण्या मुलाशी वाद होई आणि तो वाद मुलेच मिटवीत.

हे शब्द आले कोठून? तेलुगू भाषेत एक, दोन, तीन, चार या अंकांना ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू असे म्हणतात. ते विटीदांडूच्या शब्दांशेजारी ठेवले, की दोहोंचे नाते कुणाच्याही ध्यानात येईल. मराठी आणि तिच्या शेजारी नांदणारी तेलुगू यांच्या जुन्या सहवासाची ही खूण आहे. ती कोणत्याही शिक्षकाने शिकविली नव्हती आणि कोणत्याही पाठ्यपुस्तकातून मुलांपर्यंत पोचली नव्हती. मोठ्या मुलाने ती लहान मुलाला दिली, त्याने ती त्याच्याहून लहानाला दिली. अशा रीतीने मुलांनीच हा ठेवा पिढ्यान्‌पिढ्या जतन केला.

खरी चिंता आहे ती येथेच. पुस्तक कपाटात टिकते. पन्नास वर्षांनी उघडले तरी ते वाचता येते. खेळ मात्र कपाटात टिकत नाही. तो हातापायांत आणि जिभेवर राहतो. एक पिढी खेळली नाही, की साखळी तुटते. पुढे कोणी नियम लिहून ठेवले, तरी टोला कसा बसतो आणि भांडण कसे मिटते, हे कागदावरून शिकता येत नाही.

जे खेळले गेले, ते टिकले. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली बांधून दिले. त्यानंतर शाळाशाळांतून मुले-मुली हा खेळ खेळत राहिली. २०२५ साली नवी दिल्ली येथे खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि तीत भारताचे पुरुष व महिला हे दोन्ही संघ विजयी झाले. अंगणातला खेळ जगाच्या मैदानावर पोचला, तो केवळ नियमांच्या बळावर नव्हे. खेळणाऱ्यांच्या पायांच्या बळावर.

मोबाईलवरील खेळांतही चातुर्य लागते, यात शंका नाही. परंतु त्यांचे नियम दूर बसलेल्या कुणीतरी ठरविलेले असतात. खेळणाऱ्याने ते निमूटपणे पाळावयाचे असतात. विटीदांडूत मुलगा केवळ खेळाडू नसतो. तोच सुतार, तोच पंच आणि तोच नियम घडविणारा असतो. म्हणून नवे टाकून देण्याचे कारण नाही. पण जुने हरवू देणे हेही शहाणपणाचे नाही. डोळ्यांची काळजी घेऊन, मोकळ्या जागी, आणि या वेळी मुलींनाही बरोबरीने घेऊन हा डाव पुन्हा मांडता येईल.

त्यासाठी फार काही करावयास नको. पुढच्या खेपेला आजोबांनी सुस्कारा टाकला, की नातवंडांनी रागावू नये. त्यांनी एवढेच विचारावे, “आजोबा, ‘नाल’च्या पुढे काय हो?”