परक्यास द्वार, शेतकऱ्यास कुलूप

परकीय गुंतवणूकदार संस्थांना भारताचा रोखेबाजार १९९२ मध्ये खुला झाला. २०२२ मध्ये 'सेबी'ने त्यांना बिगर-शेतमालाच्या वायदेबाजाराचेही दार उघडले. त्याच 'सेबी'ने डिसेंबर २०२१ मध्ये मात्र सोयाबीन, हरभरा, मूग आदि सात शेतमालांचे नवे वायदे थांबविले. महागाई रोखण्याचा हेतू असेलही. पण पेरणीच्या वेळी सुगीचा भाव अजमावण्याचे साधन लातूर-नांदेडच्या शेतकऱ्याने गमावले. २०२४ च्या हंगामात क्विंटलला ४,८९२ रुपये हमीभाव असताही बाजारात सोयाबीन त्याहून कमी दराने विकावे लागले. सट्ट्यास वेसण अवश्य घालावी. परंतु वायदा रोखावयाचा असेल तर सरकारने हमीभावाची खरेदी तरी वेळेवर व पुरेशी करावी. उत्पादकास दोन्ही नाकारणे हा न्याय नव्हे.