मेंदूचा पहारेकरी

मुलांनो, बाही वर करून डाव्या दंडाकडे बघा बरं. वाटाण्याएवढा व्रण दिसतोय? बहुतेकांना दिसेल. जन्मल्यावर लगेच टोचलेल्या बीसीजी लशीची ती खूण. फुप्फुसाच्या क्षयापासून ही लस मोठ्या माणसांना फारसं वाचवत नाही, पण लहान मुलांना मेंदूच्या क्षयापासून चांगलं संरक्षण देते. चांगलं म्हणजे शंभर टक्के मात्र नव्हे.

गेल्या वर्षी माझ्या तिसरीच्या वर्गातला एक मुलगा दोन-तीन आठवडे डबा तसाच परत नेत होता. अंगात कणकण असायची. "बाई, डोकं दुखतंय," म्हणायचा. "गणिताच्या तासालाच दुखतं का रे?" असं मी त्याला सगळ्यांदेखत विचारलं. वर्ग हसला. पुढच्या आठवड्यात उलट्या सुरू झाल्या, मग हाक मारली तरी तो डोळे उघडेना. इस्पितळात मणक्यातून पाणी काढून तपासलं. मेंदूच्या आवरणाचा क्षय निघाला.

क्षयाचे जंतू श्वासातून फुप्फुसात शिरतात. तिथून क्वचित ते रक्तावाटे मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतात. आवरण सुजतं, मेंदूभोवतीच्या पाण्याची वाट अडते आणि दाब वाढतो.

मग औषध द्यावं नि मोकळं व्हावं, असं तुम्ही म्हणाल. पण घोडं इथंच अडतं! १८८५ च्या सुमारास जर्मनीत पाउल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडून पाहिले. सगळे अवयव रंगले, मेंदू तेवढा कोरा राहिला. एर्लिखना वाटलं, मेंदूला रंग धरतच नसावा. १९१३ मध्ये त्यांचे सहकारी गोल्डमन यांनी उलटं केलं. रंग थेट मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. आता मेंदू निळा झाला आणि बाकीचं अंग कोरं! म्हणजे मधे भिंत होती. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात, की रक्तातलं सगळं काही आत जाऊ शकत नाही. पहारेकरी इमानी आहे, पण चोराबरोबर वैद्यालाही दाराशी अडवतो.

१९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आलं. त्याआधी हा आजार झालेलं मूल बहुधा दगावतच असे. पण हे औषध भिंतीपलीकडे नीट जात नसे, म्हणून मणक्यातही सुई टोचावी लागे. १९५२ मध्ये आलेलं आयसोनियाझिड मात्र सहज आत शिरतं. पायराझिनामाइडही शिरतं. गंमत अशी, की जंतूंचा कर्दनकाळ असलेलं रिफाम्पिसिन अगदी थोडंच आत पोचतं.

मग त्याचा डोस वाढवला तर? २०१३ मध्ये इंडोनेशियातल्या बांडुंग शहरात ६० रुग्णांवर हे करून पाहिलं. शिरेतून जास्त रिफाम्पिसिन दिलेल्यांपैकी सहा महिन्यांत ३५ टक्के दगावले, नेहमीच्या डोसवाल्यांपैकी ६५ टक्के. सगळ्यांना केवढी आशा वाटली! पण २०१६ मध्ये व्हिएतनाममधल्या ८१७ रुग्णांच्या चाचणीत वाढीव उपचाराचा फायदा दिसला नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका मोठ्या चाचणीत प्रौढांना कितीतरी जास्त डोस दिला, तरीही नाही. एवढी खटपट करून हाती हे आलं. पण साठ माणसांच्या निकालावर गाडी थांबवली नाही, हे बरंच झालं.

खरा उपयोग झाला तो सूज उतरवणाऱ्या औषधाचा. २००४ मध्ये व्हिएतनाममध्येच ५४५ रुग्णांच्या चाचणीत डेक्सामेथासोन दिल्यावर मृत्यू कमी झाले. आणि मुलांसाठी नेहमीच्या बारा महिन्यांच्या उपचाराला सहा महिन्यांच्या जास्त जोरकस उपचाराचा पर्याय जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये दिला आहे.

आमच्या मुलाचा उपचार बारा महिन्यांचा आहे. तो शाळेत परतला तेव्हा काही पालक त्याच्याशेजारी आपलं मूल बसवायला कचरले. पालकहो, मेंदूचा क्षय झालेल्या लहान मुलाकडून तो दुसऱ्याला सहसा लागत नाही. त्याला बहुधा घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या खोकणाऱ्या मोठ्या माणसाकडून लागलेला असतो. शोध त्या माणसाचा घ्यायचा.

मी त्याची सगळ्यांदेखत माफी मागितली. तो लाजून खाली बघत राहिला. मधल्या सुट्टीत मात्र त्याच्याभोवती ही गर्दी! रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते ना, ते तो मोठ्या ऐटीत सांगत होता. अजून त्याचा डावा हात जरा हळू चालतो. डोकं दुखत नाही. गणित अजूनही आवडत नाही म्हणतो.