'आपले मदतनीस' म्हणजे कुणाचे?

मागच्या महिन्यात चळवळीतला एक जुना दोस्त सापगावला आला. उल्हासनगरला वन रूम किचन, नवरा-बायको दोघं नोकरीला, एक पोरगा. पोराला त्यानं इंग्रजी शाळेतून काढलंय. का काढलं? वर्गात बाईंनी आडनाव विचारलं आणि दुसऱ्या दिवसापासून पोराची जागा बदलली. एवढंच. एवढंच म्हणजे सगळंच. आता पोरगा घरी शिकतो. त्यासाठी त्याच्या आईनं नोकरी सोडली. खोलीच्या एका कोपऱ्यात गालिचा, प्लॅस्टिकचं टेबल, बाहेरून मागवलेला किट, भिंतीवर वेळापत्रक. दोस्त म्हणाला, "ह्यांच्या शाळांवर थुंकायचं आता. आपली पोरं आपण घरीच शिकवायची. तू डी.एड्. झालेली, तुझ्याकडे खोली आहे. तू तर पहिली पाहिजेस."

मी चहा केला. तो गेल्यावर डोक्यात जे भणभणलं ते लिहिते. दोस्त हे मासिक वाचतो. त्याला राग येईल. येऊ दे.

खोली आहे हे खरं. बौद्धवाड्यातल्या आमच्या घराची पुढची पडवी भिंत घालून बंद केली, दहा बाय बारा. वर पत्रा. मेमध्ये तापतो आणि जूनमध्ये असा वाजतो की पोरांना माझं आणि मला पोरांचं ऐकू येत नाही. तेव्हा आम्ही नुसती चित्रं काढतो. डी.एड्. होऊन मला अकरा वर्षं झाली. शिक्षक भरतीची वाट बघून बघून मी बाई न होताच आई झाले. पोरीचा बाप भिवंडीला गोडाऊनमध्ये माल चढवतो. पोरगी चार वर्षांची. तिच्यासोबत वस्तीतली सहा आणि पलीकडच्या कातकरीवाडीतली चार, अशी अकरा डोकी सकाळी दोन तास माझ्याकडे असतात. तिथून पुढे ती अंगणवाडीत जातात. त्यांना मी अंगणवाडीतून काढलेलं नाही आणि काढणार नाही.

खोली मांडायला बसले तेव्हा मीही तुमच्यासारखीच फसले होते. शहापूरच्या बाजारातून तक्ते आणले. चकचकीत, पुसता येणारे. एकावर मुळाक्षरं. अ अननसाचा. सापगावच्या पोरानं अननस कुठं बघितला? ऋ ऋषीचा, भ भटजीचा, य यज्ञाचा, क्ष क्षत्रियाचा. चार वर्षांच्या पोराला चातुर्वर्ण्य शिकवायला ह्यांना वेगळं पुस्तक लागत नाही, बाराखडी पुरते. तो तक्ता मी दुकानातच ओळखायला हवा होता. पण आपणही त्याच तक्त्यावर वाढलोय ना! डोळ्याला सवय झालेली असते.

दुसरा तक्ता 'आपले मदतनीस'. वरच्या ओळीत डॉक्टर, कोट घालून. पोलीस, पोस्टमन. मग धोबी, न्हावी, चांभार. सगळ्यात खाली झाडूवाला, वाकलेला. माझी पोरगी त्याच्यासमोर उभी राहिली, बोट ठेवलं आणि आनंदानं ओरडली, "आबा!"

आबा म्हणजे माझे वडील. मुंबई महापालिकेत एकतीस वर्षं रस्ते झाडले, आता रिटायर होऊन इथं पडवीच्या कडेला बसून असतात. पोरीला त्यात अपमान दिसला नाही. तिला आजा दिसला. अपमान मला दिसला, कारण मला शाळेनं तो बघायला शिकवलंय. मी तिच्याच वयाची असताना एका शाळेत मला याच चित्राखाली उभं करून विचारलं होतं, तुझा बाप काय करतो? वर्ग हसला होता. अजून कानात आहे ते हसू.

आबांना विचारलं, तक्ता काढू? ते म्हणाले, "काढ. झाडूवाला हाय म्हनून नको काढू. मदतनीस लिवलंय म्हनून काढ. मी कुनाला मदत करत नव्हतो. पगार घेत होतो. युनियनचा मेंबर होतो."

बालशिक्षणावरची मी जी काही पुस्तकं वाचली त्यात एवढं साधं वाक्य मला मिळालं नाही. 'आपले' हा शब्द कुणाच्या तोंडचा? ज्याचा कचरा उचलला जातो त्याच्या तोंडचा. उचलणाऱ्याचं पोर वर्गात बसलेलं असेल हे तक्ता छापणाऱ्याच्या स्वप्नातही नाही. आणि तोच तक्ता, तोच किट, माझा दोस्त उल्हासनगरच्या खोलीत पैसे मोजून लावून बसलाय. मग शाळेतून पोर काढलं म्हणजे नक्की काय काढलं? शाळा तर भिंतीवर चढून घरात आली!

कुणी म्हणेल, आपला तक्ता छापू. भ भीमाचा, ब बुद्धाचा. आमच्यातल्या एकानं छापून आणलाही. लावला मी. पण कातकरीवाडीतली पोरं त्याच्याकडे अननसाकडे बघावं तशीच बघतात. चार वर्षांच्या पोराला जयभीम म्हणायला शिकवलं की झालं शिक्षण, असं आपल्यातल्या पुष्कळांना वाटतं. दुसऱ्यांचे संस्कारवर्ग वाईट आणि आपले चांगले, हे मला पटत नाही. पोपट निळा रंगवला म्हणून तो माणूस होत नाही.

मग अभ्यासक्रम कुठून घ्यायचा? इथं एक गोष्ट मोकळेपणानं कबूल करते. ह्याच ठाणे जिल्ह्यात (२०१४ पासून तो भाग पालघरमध्ये गेला) ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, पुढं अनुताई वाघांसोबत कोसबाडच्या टेकडीवर नेलं. माँटेसोरीची महागडी साधनं खेड्याला परवडणारी नव्हती. ह्या बायांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे घेतले. गरिबांची पोरं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी उठून त्यांच्या अंगणात गेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. गाय चारणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा नेली. आज तीन हजारांच्या किटमध्ये 'निसर्गातून शिक्षण' म्हणून जे विकतात, ते बोर्डीला फुकट होतं. हे घ्यायला मला लाज वाटत नाही.

पण सगळं घेत नाही. तिथं पोरांना अंघोळ घालणं, नखं कापणं हा शिक्षणाचा मोठा भाग होता. हेतूवर मी बोलत नाही. पण आमच्या तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे, मुंबईचे नळ त्यावर चालतात, आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांना टँकर लागतो. पाणी मुंबईला आणि नखं तपासणार आमची? माझ्या खोलीत नखं तपासत नाहीत. पाणी कुठून येतं आणि कुठं जातं, हे मात्र सांगते. पोरं मातीत पाट काढतात, धरण बांधतात, मग एक जण मुंबई होतो आणि सगळं पाणी पिऊन टाकतो. हा खेळ त्यांनीच काढलाय. मी शिकवलेला नाही.

बाकी माझा अभ्यासक्रम म्हणाल तर एवढाच. अ नंतर. आधी पोराचं स्वतःचं नाव. प्रत्येकाचं नाव पुठ्ठ्यावर, खिळ्याला अडकवलेलं. आलं की आपापलं उतरवायचं. मग रेशनकार्ड, विजेचं बिल, एस.टी.ची पाटी: शहापूर, मुरबाड. मोजायला चिंचोके आणि बाटल्यांची झाकणं. बोलायला घरची बोली. 'पानी' म्हटलं तर पानी. कातकरी पोरं कातकरीत गोष्ट सांगतात, मला निम्मी कळते, माझी पोरगी मला समजावते. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी हवी की नको म्हणून सगळा महाराष्ट्र पेटला, सरकारनं निर्णय मागे घेतला, मराठी वाचली. ज्या पोराला पहिलीत ती मराठीच परकी वाटते, त्याचं नाव त्या भांडणात कुणी काढलं नाही. 'ण' म्हणायचा हे सहाव्या वर्षी शिकेल तो. तिसऱ्या वर्षी त्याची जीभ कापू नका.

आता दोस्ताच्या मुद्द्यावर येते. शाळा सोडायची का?

त्याची जखम खोटी नाही. पण जरा आठव रे, साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागायचं. शिपाई हजर नसला तर पाणी मिळायचं नाही. त्यांचे वडील रामजी सुभेदार हे लष्कराच्या शाळेत मुख्याध्यापक राहिलेले. घरी शिकवण्याची लायकी तुझ्या-माझ्यापेक्षा शंभर पटीनं जास्त. त्यांनी पोराला शाळेतून काढलं का? नाही. मुंबईला आल्यावर लोअर परळच्या डबक चाळीत एकच खोली. त्यात स्वैपाक, झोप, अभ्यास सगळं. रात्री दोन वाजेपर्यंत बाप जागायचा, दोनला पोराला उठवून अभ्यासाला बसवायचा आणि मग स्वतः आडवा व्हायचा. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला बापानंच करून घेतली. ही आपल्या इतिहासातली घरची शाळा. पण सकाळ झाली की पोरगा एल्फिन्स्टन हायस्कूलला जायचा. १९०७ साली मॅट्रिक झाला. खोली शाळेच्या पाठीशी होती. शाळेच्या जागी नव्हती.

शाळेत जायचं की नाही हा प्रश्न ज्याच्या बापजाद्यांना कुणी अडवलं नाही, त्याला गंमत म्हणून पडतो. फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणून मागितलं, आणि मास्तर असा द्या की जो वेळेला नांगर धरील असंही सांगितलं. १८५५ साली मुक्ता साळवे ही त्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मांगाची पोर 'ज्ञानोदया'त निबंध लिहून धर्मालाच जाब विचारते. तिला घरात बसवून शिकवलं असतं तर जाब कुणापुढं विचारला असता?

आणि कायदा बघ. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला २०१० ला, सहा ते चौदा वयाला. सहाच्या खालच्या पोराला हक्क नाही. तिथं संविधानाचं कलम ४५ फक्त एवढं म्हणतं की राज्यानं प्रयत्न करावा. तो प्रयत्न म्हणजे १९७५ पासूनची अंगणवाडी. आणि अंगणवाडीची बाई म्हणजे पगार नव्हे, मानधन. त्यासाठी २०२३ च्या डिसेंबरात महाराष्ट्रभर संपावर बसावं लागलं, पन्नासच्यावर दिवस. तुझ्या गालिच्याचा खर्च आमच्या इथल्या अंगणवाडीत टाकला असता तर खेळणी आली असती. हे टोमणा म्हणून नाही, हिशोब म्हणून सांगते.

दुसरा हिशोब पटाचा. २०२२ मध्ये सरकारनं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली. २०२३ मध्ये 'समूह शाळा' असा गोड शब्द काढला. म्हणजे पाड्यावरची शाळा बंद, पोरं लांबच्या शाळेत. अशा वेळी मी अकरा डोकी पटावरून उचलून माझ्या पडवीत ठेवली तर ते काम मीच करून दिलं की! शाळा बंद करायला अधिकाऱ्याला यावंसुद्धा लागणार नाही. आणि दहावीला मुक्त विद्यालयातून बसता येतं हे मलाही माहीत आहे. चौदाव्या वर्षापर्यंत कातकऱ्याच्या पोराला घरी कोण शिकवील? भट्टीचा मालक?

बाईचं काय, हेही विचार. तुझी बायको नोकरीवर होती. आता ती घरी आहे, कारण पोर घरी आहे. तू म्हणतोस तिचा निर्णय होता. असेल. पण पडवीत दोन तास शिकवून उरलेला दिवस मी निवडणुकीच्या याद्या, शिलाई, मिळेल ते करते, म्हणून पुन्हा विचारते: तुझी नोकरी का नाही सुटली?

माझी खोली शाळेच्या आधी आहे. पोरगं पहिलीत जाईल तेव्हा आडनाव विचारलं तर नाव सांगावं, जागा बदलली तर उठून विचारावं का म्हणून, एवढी ताकद त्याच्यात यावी. आणि त्याच्यामागे त्याची आई, मी आणि आबा जाऊन उभे राहू. तुझ्या पोरासाठी आपण तसे गेलो नाही. तू फोन केला नाहीस आणि आम्हीही विचारलं नाही. यातला निम्मा दोष आमचा.

येत्या जूनला माझ्याकडची पाच पोरं पहिलीत जातील. त्यातली दोन दिवाळीनंतर आईबापासोबत वीटभट्टीवर जाणार, हे आत्ताच ठरलेलं आहे. १९९० नंतर ह्या जिल्ह्यात भट्ट्यांवर भोंगा शाळा चालल्या होत्या, तसं काही पुन्हा उभं करता येतं का, यासाठी भिवंडी-कल्याणकडच्या दोस्तांना विचारते आहे. भट्टी कुठली ते कळलं की कळवीन. आठवड्यातून एक दिवस जाणारा माणूस हवा.

ज्यांना यायचं त्यांनी रविवारी या. कसारा लोकल, आसनगावला उतरायचं, शेअर रिक्षानं शहापूर, तिथून सापगाव. एका बाजूनं कोरे कागद आणा, कितीही. तक्ते आणू नका.