प्रमाणपत्र विकत घेण्यापूर्वी

दिवसा नोकरी करून सायंकाळी व्यायाम-प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम करू इच्छिणारा तरुण सल्ल्यासाठी येतो, तेव्हा प्रथम शुल्क आणि कालावधी विचारतो. हा प्रश्न चुकीचा नाही, अपुरा आहे. जुन्या मोटारींच्या बाजारात मालाचा दोष विक्रेत्याला ठाऊक असतो, ग्राहकाला नसतो. त्याचे परिणाम जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली उलगडून दाखविले. प्रमाणपत्रांचा बाजार याच जातीचा आहे.

म्हणून चार गोष्टी पारखाव्यात. २०१८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषदेची त्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे काय? परीक्षा शिकविणारी संस्थाच घेते, की दुसरी? शरीररचना व प्रथमोपचार शिकवितात काय? आणि अनुभवी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष माणसांना व्यायाम शिकविण्याचे तास किती? अर्धवेळ म्हणजे अर्धे शिक्षण नव्हे. चुकीच्या पद्धतीने वजन उचलून दुखावलेली पाठ, प्रशिक्षक दिवसा शिकला की रात्री, हे विचारीत नाही.

परंतु पारखण्याचा सारा भार त्या कष्टकरी तरुणावरच टाकणे न्याय्य नव्हे. त्याचे शुल्क वेतनातून, पुष्कळदा कर्जातून येते. शासनाने औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून अल्प शुल्कात असे सायंकालीन वर्ग चालवावेत. कौशल्याची महती गाणाऱ्यांनी एवढी जबाबदारी तरी घ्यावी.