भरतीबंदीची वसुली कोणाकडून?

4 मे 2020 रोजी राज्याच्या वित्त विभागाने शासन निर्णय काढला: आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण वगळता नवी पदभरती बंद. कोरोना होता, तिजोरीत खडखडाट होता, हे मान्य. पण भरती अडवून ठेवायची खोड कोरोनाने लावलेली नाही. शिक्षकभरतीवर 2 मे 2012 रोजी बंदी घातली, तेव्हा कुठली साथ आली होती? जिल्हा परिषदांनी मार्च 2019मध्ये तेरा हजारांवर पदांची जाहिरात दिली, पोरांकडून शुल्क घेतलं, वर्षानुवर्षं झुलवलं आणि शेवटी ती भरतीच रद्द झाली. नवी जाहिरात उगवली ऑगस्ट 2023मध्ये. या चार वर्षांचा जाब कोणाला विचारायचा?

मी नागपुरात हुडकेश्वरला राहतो. आमच्याकडच्या अभ्यासिका पहाटे उघडतात. आत प्लायवूडने पाडलेले खण, प्रत्येक खणात एक खुर्ची, एक चार्जिंग पॉइंट, समोर चिकटवलेली कलमांची यादी आणि कोपऱ्यात मागच्या वर्षीच्या चालू घडामोडींचा गठ्ठा. उमरेड, भिवापूरकडची पोरं चौघांत एक खोली करून राहतात. गावी गेलं की पारावर पहिला प्रश्न, ‘लागला का बे कुठं?’ पुढेपुढे पोट्टे दिवाळीलाही घरी जायचं टाळतात. बापाने धान विकून पाठवलेले पैसे मेसला आणि परीक्षा शुल्कात जातात. 2023च्या तलाठी भरतीत 4,644 जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. शुल्क खुल्या वर्गाला 1000 रुपये, मागासवर्गीयांना 900. गुणाकार करा, नव्वद कोटींच्या वर रक्कम जाते. ज्याच्या हाताला काम नाही त्याच्याच खिशातून ही वसुली, आणि त्यावर सभागृहात कोणाला घाम फुटत नाही.

आता खुर्चीवरच्या माणसाकडे बघा. माझे एक शेजारी सरकारी कार्यालयात कनिष्ठ लिपिक आहेत. स्वतःचं टेबल आवक-जावकचं. आस्थापनेचा बाबू निवृत्त झाला, त्याचं टेबल यांच्याकडे आलं. लेखा शाखेतली बाई बदलून गेली, तेही यांच्याकडे. कागदावर याला ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणतात. रात्री नऊला ते घरी येतात आणि जेवताना मोबाइलवर माहिती भरत असतात, कारण वरच्या साहेबाला तक्ता ‘आजच’ हवा असतो. दाखल्यासाठी तिसरा हेलपाटा घालणारा माणूस शिव्या देतो तो यांनाच. ती जागा रिकामी ठेवणारा त्याला कधी भेटत नाही. 2022मध्ये माहिती अधिकारात जो आकडा बाहेर आला, तो राज्य शासनाच्या सुमारे 10 लाख 70 हजार मंजूर पदांपैकी 2 लाख 44 हजार रिक्त असा होता. जवळजवळ चौथा हिस्सा! उरलेल्या तिघांनी चौथ्याचं ओझं वाहायचं, आणि कामचुकार म्हणूनही ऐकून घ्यायचं.

हुडकेश्वर-नरसाळा 2013मध्ये नागपूर महापालिकेत आलं. घरं वाढली, गल्ल्या वाढल्या, कचरा वाढला. माणसं मागितली की आस्थापना खर्चाची 35 टक्क्यांची मर्यादा पुढे करतात. उत्पन्न वाढवायचं जमत नाही, म्हणून पदं गोठवायची. याच शहरात ऐवजदार सफाई कामगारांनी बदलीवर झाडू मारत उमेदीची वर्षं घालवली, आणि कायम होण्यासाठी त्यांच्यापुढे अट ठेवली ती वीस वर्षं सेवेची.

काम आहे, हे सरकारला पुरेपूर ठाऊक आहे. म्हणून तर 7 जुलै 2023च्या आदेशाने निवृत्त शिक्षकांना, वयाच्या सत्तरीपर्यंत, महिना 20 हजारांवर शाळेत परत बोलावलं, आणि डी.एड., बी.एड. झालेली पोरं दारात उभी राहिली. म्हणून तर 6 सप्टेंबर 2023 रोजी नऊ खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला. पोरं रस्त्यावर उतरली, तेव्हा 20 ऑक्टोबरला तो मागे घेतला. म्हणजे पगार द्यायची तयारी आहे. रजा, बढती आणि म्हातारपणाची तरतूद मागणारा माणूस तेवढा नको आहे.

मला सबुरीचे सल्ले नकोत. भरती थांबवणाऱ्या प्रत्येक आदेशातच लिहा की बंदी जितके महिने चालेल तितकी वयोमर्यादा आपोआप पुढे जाईल. 2023मध्ये दिली तशी दोन वर्षांची, तीही डिसेंबरअखेरपर्यंतच्या जाहिरातींपुरती सवलत मोर्चे काढून मिळवायला लावू नका. जाहिरात रद्द झाली तर शुल्क व्याजासह, अर्ज न मागवता, खात्यात जमा करा. आणि प्रत्येक कार्यालयाच्या दारावर फलक लावा: मंजूर पदं किती, भरलेली किती, रिकामी जागा कोणत्या तारखेपासून आणि कोणाच्या सहीने. शिव्या मग योग्य पत्त्यावर जातील.