पॅचला मुहूर्त कशाला?

चालत्या सर्व्हरला हात लावू नये, हे आपल्याकडच्या सिस्टिम अॅडमिन मंडळींचे जुने व्रत आहे. नवा लिनक्स सर्व्हर उभा राहिला की पहिल्या पाच मिनिटांत त्यातले ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’, म्हणजे अपडेट आपोआप लावणारी सोय, बंद करणारे लोक मी पाहिले आहेत. ते आळशी नसतात, उलट फार काळजी घेणारे असतात. आळशी माणूस सेटिंग उघडतच नाही आणि त्यामुळे बहुतेक वेळा सुरक्षित राहतो! वाद घालायचा तो या काळजीवाहू लोकांशीच. त्यांचे म्हणणे असे: अपडेट कधी, कोणते आणि कोणत्या क्रमाने लागणार हे माणसाने ठरवावे. पार्श्वभूमीवर गुपचूप चालणारा प्रोग्रॅम घरच्या लॅपटॉपवर ठीक, पण ज्यावर चार लोकांचे काम अवलंबून आहे त्या यंत्रावर नको.

हा पूर्वपक्ष कच्चा नाही. त्याच्या बाजूने सर्वांत भक्कम साक्ष देते ती डेटाडॉग ही अमेरिकी कंपनी. इतरांच्या सर्व्हरवर नजर ठेवण्याची सेवा विकणे हाच तिचा धंदा. 8 मार्च 2023 रोजी जागतिक वेळेनुसार सकाळी 6 वाजून 3 मिनिटांनी तिची स्वतःचीच सेवा कोसळू लागली, तीही एका ठिकाणी नाही, तर वेगवेगळ्या क्लाउड कंपन्यांकडे ठेवलेल्या अनेक विभागांत जवळपास एकदम. कारण निघाले ते असे. उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या 22.04 आवृत्तीवर सिस्टिम-डी या पायाभूत घटकाचा सुरक्षा अपडेट आपोआप लागला आणि त्याबरोबर नेटवर्क सांभाळणारी सेवा पुन्हा सुरू झाली. ती उठताना आपल्या ओळखीचे नसलेले मार्ग पुसून टाकते. कंटेनरांची रहदारी सांभाळणाऱ्या सिलियमने आखलेले मार्ग तिच्या ओळखीचे नव्हते. एरवी यंत्र सुरू होताना ही सेवा आधी उठते आणि सिलियम नंतर, त्यामुळे हा दोष कधी दिसलाच नव्हता. हजारो यंत्रे एका तासाच्या आत नेटवर्कवरून नाहीशी झाली. जी कंपनी आपल्या सॉफ्टवेअरचा प्रत्येक बदल एकेका विभागात टप्प्याटप्प्याने सोडत होती, तिला एका विसरलेल्या डीफॉल्ट सेटिंगने गाठले.

आणखी साक्षी हव्या असतील तर 30 ऑगस्ट 2022 आहेच. त्या दिवशी उबुंटू 18.04 च्या एका अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अॅझ्युर क्लाउडवरील असंख्य यंत्रांचे डीएनएस बंद पाडले. 19 जुलै 2024 तर कोणीच विसरलेले नाही. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीची एक सदोष फाइल भारतीय वेळेनुसार सकाळी 9.39 ला सुटली आणि 78 मिनिटांत मागे घेतली गेली, तरी मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे 85 लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर जाऊन थांबली. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले.

एवढे सगळे मान्य करूनही पूर्वपक्षाचा निष्कर्ष मला चुकीचा वाटतो.

पहिली गोष्ट, डेटाडॉगने त्यानंतर हे आपोआप लागणारे अपडेट बंद केले आणि ते योग्यच केले. तिच्याकडे पॅच तपासून टप्प्याटप्प्याने सोडणारी स्वतःची यंत्रणा आधीपासून होती, त्यामुळे उबुंटूचे डीफॉल्ट तिच्यासाठी अडगळ होते. आपल्याकडे मात्र तिचा निर्णय उचलला जातो आणि तिची यंत्रणा तिथेच राहते. तालुक्यातल्या महाविद्यालयाचा प्रवेश अर्जांचा सर्व्हर, पतसंस्थेचे संकेतस्थळ, एखाद्या प्रकाशकाचे ऑनलाइन दुकान, ही सगळी एका कंत्राटदाराने उभी करून दिलेली असतात. देखभालीचा करार संपतो, सर्व्हर चालूच राहतो. तिथे ‘अपडेट माणसाने ठरवावे’ म्हणणे म्हणजे कोणीच न ठरवणे. ठरवणारा माणूसच तिथे नाही!

दुसरी गोष्ट वेळेची. 15 ऑक्टोबर 2014 रोजी संकेतस्थळे चालवणाऱ्या ड्रुपल 7 या सॉफ्टवेअरमधले एक गंभीर भगदाड आणि त्याचा पॅच एकाच वेळी जाहीर झाले. दोन आठवड्यांनी ड्रुपलच्या सुरक्षा चमूने सांगितले की, घोषणेनंतर 7 तासांच्या आत ज्यांनी पॅच लावला नाही त्यांनी आपली साइट फुटली आहे असेच धरून चालावे. हे 7 तास भारतीय घड्याळात मांडले, तर रात्री साडेनऊ ते पहाटे साडेचार असे येतात. आपला अॅडमिन कितीही कर्तव्यदक्ष असो, तो त्या वेळी झोपलेला असतो आणि झोपण्याचा त्याला हक्कही आहे. पॅच प्रसिद्ध होणे म्हणजे भोक नेमके कुठे आहे हेही जाहीर होणे. जुना आणि नवा कोड शेजारी ठेवून हल्ला तयार करणाऱ्यांना महिन्याच्या दुसऱ्या शनिवारची वाट पाहावी लागत नाही.

याची उलटी बाजूही घडलेली आहे. वर्डप्रेसमध्ये ऑक्टोबर 2013 पासून किरकोळ आणि सुरक्षा अपडेट पार्श्वभूमीवर आपोआप लागतात. 26 जानेवारी 2017 ला 4.7.2 ही आवृत्ती आली, पण तिच्यात कोणते गंभीर भगदाड बुजवले आहे हे मुद्दाम आठवडाभर सांगितले गेले नाही, जेणेकरून तोवर बहुसंख्य साइटांवर ती आपोआप पोहोचावी. 1 फेब्रुवारीला गौप्यस्फोट झाला आणि पुढच्या काही दिवसांत लाखो पाने विद्रूप केली गेली. ज्यांनी ‘नियंत्रण स्वतःच्या हातात’ ठेवले होते, त्यांची पानेही त्यांतच होती. (पुढच्याच वर्षी, 4.9.3 मध्ये, वर्डप्रेसने आपली स्वयंचलित अपडेटची यंत्रणाच मोडून ठेवली आणि 4.9.4 लोकांना हाताने लावावी लागली. विरोधकांना हसण्याची ही संधी मी नाकारत नाही.)

‘आमच्याकडे मंजुरीची पद्धत आहे’, असे मोठ्या कंपन्या म्हणतात. इक्विफॅक्स या अमेरिकी पतमाहिती कंपनीकडेही होती. तिथे वापरात असलेल्या अपाची स्ट्रट्समधला दोष मार्च 2017 मध्ये जाहीर झाला, दोनच दिवसांत कंपनीतल्या चारशेहून अधिक लोकांना ‘48 तासांत पॅच लावा’ अशी ईमेल गेली, आणि जिथे लागायला हवा होता तिथे तो लागला नाही. मे महिन्यात चोर आत आले. सुमारे 14 कोटी 70 लाख लोकांची माहिती गेली. स्ट्रट्स हा अॅप्लिकेशनच्या पोटात बसणारा घटक आहे, ऑपरेटिंग सिस्टिमच्या स्वयंचलित अपडेटने तो बदलला नसता, हे मला ठाऊक आहे. इथे मी दाखवतो आहे ती फक्त चारशे जणांना पाठवलेल्या ईमेलची ताकद.

अपडेटचा मार्गच विषारी झाला तर, हा आक्षेप सर्वांत गंभीर. जून 2017 मध्ये नॉटपेट्या हा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधल्या एका करविषयक सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून बाहेर पडला आणि मर्स्क या जहाज कंपनीमार्गे आपल्या न्हावा-शेव्याच्या एका टर्मिनलपर्यंत पोहोचला. तिथले कंटेनर अडकून पडले. पण माणसाने बटण दाबले असते तर तो विषारी अपडेट ओळखू आला असता का? सोलरविंड्सच्या 2020 मधल्या बाधित अपडेटवर कंपनीची खरी डिजिटल सही होती. ती पाहून कोणत्याही अॅडमिनने ‘होय’च म्हटले असते. शिवाय नॉटपेट्या एका यंत्रावरून दुसऱ्यावर पसरला तो अंशतः अशा भोकातून, ज्याचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. चोरलेले पासवर्ड वापरून तो पॅच लावलेल्या यंत्रांवरही गेला, हेही खरे.

मग धोका नेमका कशात होता? डेटाडॉगचा घात स्वयंचलितपणापेक्षा एकाच वेळी सगळीकडे लागण्याने केला. क्राउडस्ट्राइकच्या बाबतीत तर ज्या ग्राहकांनी मुद्दाम एक आवृत्ती मागे राहण्याचे धोरण निवडले होते, तेही कोसळले, कारण ती फाइल त्या धोरणाला विचारतच नव्हती. मालकाच्या हाती ब्रेक नव्हता. म्हणून मी विक्रेत्यांच्या बाजूनेही उभा नाही. ‘सगळे आमच्यावर सोडा’ म्हणणारी कंपनी आणि ‘कशालाच हात लावू नका’ म्हणणारा अॅडमिन यांपैकी पहिली जास्त उद्धट असते. उबुंटूच्या स्नॅप पॅकेजांचे अपडेट दिवसातून चार वेळा तपासले जातात आणि अनेक वर्षे ते लांबवता येत, पण बेमुदत थांबवता येत नसत. सर्व्हर ज्याचा, त्याला थांबवण्याची सोय नाकारणे असमर्थनीयच होते.

मी मांडतो ते एवढेच: सुरक्षा अपडेट आपोआप लागू द्यावेत, बाकीचे नाही. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत सुरक्षा दुरुस्ती सहसा जुन्याच आवृत्तीवर बसवून दिली जाते, नवी वैशिष्ट्ये गळ्यात मारली जात नाहीत. त्यामुळे मोडतोडीची भीती वाटते त्यापेक्षा पुष्कळ कमी असते. डेटाबेस किंवा डॉकरसारखी पॅकेजे, ज्यांच्या अपडेटबरोबर सेवा क्षणभर खाली जाते, ती आपोआप अपडेट होणाऱ्यांच्या यादीतून वगळता येतात. दोन सर्व्हर असतील तर एकाला आज आणि दुसऱ्याला उद्या.

आणि घड्याळ बघावे! हे अपडेट आपोआप लावणारा उबुंटूमधला टायमर सकाळी 6 ते 7 च्या दरम्यान चालतो, पण सर्व्हरच्या घड्याळाप्रमाणे. क्लाउडवरचे सर्व्हर बहुधा जागतिक वेळेवर असतात. म्हणजे आपल्याकडे साडेअकरा ते साडेबारा, ऐन कामाच्या वेळी. ‘अपडेटने भर दुपारी साइट पाडली’ या तक्रारीवर टायमरमधली एक ओळ बदलून पहाटेची वेळ घालणे हा इलाज आहे, टायमर बंद करणे हा नाही.

उलट दिशेची फसगतही असते. अपडेट लागला म्हणजे काम झाले असे नाही. ओपनएसएसएलची नवी लायब्ररी डिस्कवर आली तरी आधीपासून चालू असलेला वेब सर्व्हर रीस्टार्ट होईपर्यंत स्मृतीतली जुनीच वापरत राहतो. कर्नलला तर रीबूट लागतो आणि अनअटेंडेड-अपग्रेड्समध्ये स्वयंचलित रीबूट मुळात बंद असतो. दोनशे दिवस रीबूट न झालेल्या सर्व्हरचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे जरूर तपासावे.

ज्यांना तरीही बंदच ठेवायचे आहे, त्यांनी ठेवावे. काही ठिकाणी ते योग्यही असते: इंटरनेटपासून तोडलेली यंत्रे, निर्मात्याने प्रमाणित केलेल्या आवृत्तीवरच चालणारी रुग्णालयातली उपकरणे, स्वतःची चाचणी यंत्रणा असलेल्या कंपन्या. फक्त त्यांनी दोन गोष्टी लिहून काढाव्यात: पॅच प्रसिद्ध झाल्यापासून तो किती तासांत लागेल, आणि लावणारा रजेवर असेल तेव्हा कोण लावेल. दुसऱ्या उत्तरातही पहिल्याच माणसाचे नाव येत असेल, तर टायमर चालू ठेवावा.